पीएचडीनंतर पोस्टडॉकची जागा कशी शोधायची: थिसिसच्या शेवटच्या टप्प्यातल्यांसाठी

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा, शोधताना सगळ्यात आधी एक प्रश्न विचारावा: माझा पगार कुणाच्या पैशातून होणार? बहुतेक विद्यार्थी हा प्रश्न अगदी शेवटी विचारतात, काही जण संकोचापोटी विचारतच नाहीत. पण अर्ज कुणाकडे करायचा, कधी करायचा आणि त्यात काय लिहायचं, हे सगळं याच्या उत्तरावर ठरतं.

उत्तरं तीनच आहेत. पहिलं, ज्या प्राध्यापकांकडे काम करायचं त्यांच्याकडे चालू प्रकल्पाची ग्रँट (संशोधनासाठी मंजूर झालेला निधी) आहे आणि तिच्यात पोस्टडॉकसाठी रक्कम राखलेली आहे. अशा जागेचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे त्या एका माणसाच्या हातात असतो. विषय आधीच ठरलेला असतो आणि जागा महिना-दोन महिन्यांत भरली जाऊ शकते. दुसरं, फेलोशिप तुमच्या नावावर मंजूर होते आणि ती घेऊन तुम्ही त्यांच्या लॅबमध्ये जाता. इथे निर्णय समितीचा असतो, सहा-आठ महिने सहज जातात, पण संशोधनाचा प्रश्न तुमचा असतो. तिसरं, संस्था स्वतःच्या पैशातून पोस्टडॉक घेते. मुंबईची आयआयटी, टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), पुण्यातली खगोलशास्त्राची आयुका आणि विज्ञानशिक्षण-संशोधनाची आयसर इथे अशा जागा निघतात. त्यात विभागाची निवड समिती असते, पण आतल्या एखाद्या प्राध्यापकाला तुमचं काम माहीत असेल तर अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

पहिल्या पोस्टडॉकसाठी या तिन्ही वाटा एकाच वेळी चालाव्यात असं माझं मत आहे. तयारी एकच लागते. वीस-पंचवीस लॅबची नीट निवडलेली यादी हाताशी असेल, तर तिच्याच आधारे ईमेलही जातात आणि फेलोशिपचे अर्जही.

सुरुवात कधी करायची

थिसिस सबमिट करण्याच्या किमान वर्षभर आधी. आपल्या विद्यापीठांमध्ये सबमिशन आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) यांच्यात किती काळ जाईल याची खात्री देता येत नाही. परीक्षकांचे अहवाल यायला वेळ लागतो, मग व्हायवाची तारीख, मग पीएचडी मिळाल्याचं विद्यापीठाचं नोटिफिकेशन, आणि पदवीचं प्रमाणपत्र तर थेट दीक्षांत समारंभानंतर. परदेशातल्या विद्यापीठाला यातला कुठला कागद चालतो हे आधीच विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी नोटिफिकेशन किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट चालतं, पण ते इंग्रजीत आणि विद्यापीठाच्या शिक्क्यासह असावं लागतं. व्हायवा झाला की त्याच आठवड्यात त्यासाठी अर्ज करा.

फेलोशिपच्या बाबतीत या तारखा फारच महत्त्वाच्या ठरतात. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपचं उदाहरण घेऊ. तिची मुदत दरवर्षी साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपत आली आहे. २०२५पर्यंतच्या नियमांनुसार मुदतीच्या दिवशी तुमची पीएचडी पूर्ण असावी लागे. व्हायवा यशस्वी झाला असेल आणि पदवी हातात यायची असेल तर ते चाले, नुसतं सबमिशन चालत नसे. म्हणजे ऑगस्टमधला व्हायवा ऑक्टोबरवर गेला की पूर्ण वर्ष हातचं जातं. आपल्या गाईडना आणि विभागाच्या कार्यालयाला ही तारीख सहा महिने आधी सांगून ठेवली, तर त्यांनाही पाठपुरावा करायला निमित्त मिळतं.

विषयागणिक हंगामही वेगळे असतात. खगोलशास्त्राच्या जागा मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जाहीर होतात आणि उत्तराची तारीखही ठरलेली आहे: १५ फेब्रुवारीच्या आत कुणी उमेदवाराला होकार-नकार द्यायला भाग पाडायचं नाही, असा त्या क्षेत्रात संकेत आहे. गणितातही अर्जांची गर्दी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच असते. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात मात्र हंगाम असा नाही. ग्रँट मंजूर झाली की जागा निघते.

जाहिराती कुठे पाहायच्या

युरोपसाठी ‘युराॅक्सेस’, ब्रिटनसाठी ‘जॉब्ज डॉट एसी डॉट यूके’, गणितासाठी ‘मॅथजॉब्ज’, खगोलशास्त्रासाठी अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं ‘जॉब रजिस्टर’, उत्क्रांतिशास्त्रासाठी ‘इव्हॉलडिर’, इतिहास आणि मानव्यविद्यांसाठी ‘एच-नेट’, आणि सर्वसाधारण विज्ञानासाठी ‘नेचर करिअर्स’. या सगळ्यांवर ईमेल अलर्ट लावून ठेवा आणि आठवड्यातून एकदा शांतपणे पाहा. याहून जास्त वेळ जाहिरातींना देऊ नका. जाहिरातीखाली शेकडो अर्ज येतात, आणि काही जाहिराती तर माणूस मनात पक्का झाल्यावर केवळ नियमासाठी दिलेल्या असतात.

माणूस शोधायचा, आणि त्याच्याकडचा पैसाही

खरा शोध इथे सुरू होतो. तुमच्या थिसिसमधली संदर्भसूची उघडा. कुणाचे पेपर तुम्ही पुन्हा पुन्हा वाचलेत? कुणाच्या पद्धतीने तुमचा अडलेला प्रयोग सुटला? तुमचा पेपर कुणी उद्धृत केला? यातून दहा-बारा नावं निघतात. मग त्या लॅबमधून बाहेर पडून गेल्या पाच-सहा वर्षांत ज्यांनी स्वतःची लॅब काढली ती नावं पाहा. नव्या प्राध्यापकाला माणसं हवी असतात, तो स्वतः प्रयोगशाळेत असतो आणि ईमेल वाचतो. मोठ्या नावाच्या लॅबमध्ये ओळख आणि शिफारस मिळते, पण महिनोन्महिने त्या मोठ्या माणसाशी बोलणं होत नाही असंही घडतं. ज्याला हाताने शिकायचंय त्याने तरुण लॅबला घाबरू नये.

आता पैसा. सरकारी ग्रँटची माहिती बऱ्याच देशांत सार्वजनिक असते आणि आपल्याकडून अर्ज करणारे फार कमी जण ती पाहतात. युरोपियन युनियनच्या ग्रँट ‘कॉर्डिस’ या डेटाबेसमध्ये असतात. जर्मन संशोधन परिषदेच्या, म्हणजे डीएफजीच्या, ग्रँट ‘गेप्रिस’मध्ये असतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, ‘रिपोर्टर’मध्ये, तर ब्रिटनच्या ‘गेटवे टू रिसर्च’मध्ये. प्राध्यापकाचं नाव टाकलं की प्रकल्पाचं शीर्षक, सारांश, सुरुवातीची आणि शेवटची तारीख समोर येते, बहुतेक ठिकाणी रक्कमसुद्धा.

वाचायचं कसं? समजा एखाद्या प्राध्यापकांना युरोपियन रिसर्च कौन्सिलची स्टार्टिंग ग्रँट मिळाली आहे. ही ग्रँट साधारण १५ लाख युरोपर्यंत आणि पाच वर्षांपर्यंत असते. प्रकल्प चार महिन्यांपूर्वी सुरू झाला असेल तर माणसं घेण्याचा काळ हाच. तोच प्रकल्प आठ महिन्यांत संपणार असेल तर तिथे पगाराची आशा धरू नका. फेलोशिपसाठी मात्र त्यांना जरूर लिहा, कारण बाहेरून पैसा घेऊन येणारा माणूस त्यांना हवाच असेल. ग्रँटचा सारांश वाचला की पुढच्या पाच वर्षांत ही लॅब काय करणार हेही कळतं. पेपर दोन वर्षांपूर्वीचं काम सांगतात, ग्रँट उद्याचं सांगते.

पहिला ईमेल

आमच्या लॅबकडे येणारे ईमेल मी वाचतो. त्यातले बरेचसे असे सुरू होतात: ‘रिस्पेक्टेड सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅबोरेटरी.’ मग स्वतःच्या पदव्या, मग येत असलेल्या वीस तंत्रांची यादी, शेवटी ‘काइंडली कन्सिडर’. प्राध्यापक बाई असतात आणि ईमेल ‘सर’ना असतो, हेही सर्रास घडतं. लिहिणारा माणूस कष्टाळू आणि हुशार असू शकतो, पण त्या ईमेलमधून ते कळायला जागाच नसते. हाच मजकूर आणखी शंभर जणांना गेलाय हे मात्र पहिल्या ओळीत कळतं.

चांगला ईमेल दोनशे शब्दांच्या आत बसतो. समजा तुमची पीएचडी हरभऱ्याच्या मर रोगावर आहे, आणि ज्यांना लिहिताय त्या प्राध्यापक टोमॅटोवरच्या फ्युजेरियम बुरशीवर काम करतात. लिहायचं इंग्रजीत, पण आशय साधारण असा:

‘तुमच्या ताज्या पेपरमध्ये बुरशी झाडाच्या जलवाहिन्यांत जी प्रथिने सोडते त्यांपैकी दोन एकत्र काम करतात असं दाखवलंय. मी पीएचडीत त्याच बुरशीच्या हरभऱ्यावरच्या प्रकारावर काम केलं. रोगाला बळी पडणाऱ्या आणि तोंड देणाऱ्या वाणांच्या मुळांतली जनुकांची हालचाल मी पहिल्या दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने मोजली. हा पेपर प्रीप्रिंट म्हणून उपलब्ध आहे, मी पहिला लेखक आहे. तुमची ती जोडी हरभऱ्यावरच्या बुरशीतही असते का, आणि तोंड देणारं वाण तिला ओळखतं का, हे मला शोधायचं आहे. माझा व्हायवा मार्चमध्ये अपेक्षित आहे. तुमच्याकडे जागा असेल तर मला तिचा विचार करायला आवडेल. नसेल तर सप्टेंबरच्या मारी क्युरी फेलोशिपसाठी तुमच्यासोबत अर्ज करण्याची माझी तयारी आहे. यावर वीस मिनिटं बोलता येईल का?’

यात त्यांचं काम वाचल्याचा पुरावा आहे, तुमचं काम एका वाक्यात आहे, पुढचा प्रश्न आहे, तारीख आहे, पैशाची वाट आहे आणि एक छोटी विनंती आहे. संबोधन ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव. सोबत दोन-तीन पानांचा सीव्ही, एकाच पीडीएफमध्ये. विषयाच्या ओळीत ‘पोस्टडॉक चौकशी’ एवढंच न लिहिता कशावर काम आणि कधीपासून उपलब्ध तेही लिहावं.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण पाठवा. त्यानंतरही शांतता असेल तर पुढचं नाव. उत्तर न येणं हे बहुतेक वेळा पैसा किंवा वेळ नसल्याचं लक्षण असतं, तुमच्या कामावरचा शेरा नसतो. हे मी मनापासून सांगतो, कारण चांगली मुलंमुली चार-पाच ईमेलना उत्तर आलं नाही की खचतात आणि लिहिणंच सोडतात.

सीव्ही आणि रेफरन्स लेटर

सीव्हीतून जन्मतारीख, वडिलांचं नाव, दहावी-बारावीचे टक्के आणि खाली सहीसह ‘वरील माहिती खरी आहे’ ही ओळ काढून टाका. आपल्याकडच्या सरकारी अर्जांत ती लागते, बाहेर नाही. पहिल्या पानावर शिक्षण, पेपर आणि प्रीप्रिंट. पेपर अनेक लेखकांचा असेल तर तुम्ही नेमकं काय केलं ते एका ओळीत लिहा. ज्या जर्नलबद्दल तुम्हालाच शंका आहे, त्यातला पेपर सगळ्यांत वर ठेवू नका.

रेफरन्स लेटर सहसा तीन मागतात, आणि आपले बरेच अर्ज इथेच कमजोर पडतात. ‘विद्यार्थी प्रामाणिक, मेहनती आणि सुस्वभावी आहे’ असं पत्र परदेशी समितीला काहीच सांगत नाही. गाईडना विनंती करताना त्यांच्या हाती एक पान द्या: तुम्ही सोडवलेली एखादी अडचण, तुम्हाला स्वतः सुचलेला एखादा प्रयोग, ज्युनिअरला शिकवलेलं एखादं तंत्र, सोबत कुठे अर्ज करताय आणि शेवटची तारीख. ‘सर, आपल्याला आठवावं म्हणून मुद्दे काढून ठेवलेत’ एवढं म्हटलं तर कुणालाही वावगं वाटत नाही, उलट त्यांचं काम हलकं होतं. पत्र ते त्यांच्या संस्थेच्या ईमेलवरूनच पाठवतील हे पाहा. अनेक पोर्टल जीमेलच्या पत्त्यावरून आलेलं पत्र संशयाने पाहतात.

दुसरं पत्र सल्लागार समितीतल्या सदस्यांकडून किंवा सहकारी लॅबकडून मिळतं. तिसरं बाहेरच्या माणसाकडून मिळालं तर फारच चांगलं, आणि त्यासाठी ओळख आधीपासून करावी लागते. पुण्या-मुंबईतल्या संस्थांमध्ये परदेशी संशोधक व्याख्यानाला येतात. त्यांना आपलं पोस्टर दाखवणं, नंतर प्रश्न विचारणारा एखादा ईमेल लिहिणं, एवढ्यानेही धागा जुळतो. गाईडशी संबंध बिघडले असतील तर विभागप्रमुख किंवा समितीतल्या ज्येष्ठ सदस्यांशी मोकळेपणाने बोला. गाईडचं पत्र नसेल तर समितीला कारण हवं असतं, आणि ते तुमच्याऐवजी ज्येष्ठ माणसाने दोन वाक्यांत सांगितलेलं बरं.

फेलोशिप

मारी क्युरीला वयाची अट नाही, पण स्थलांतराची आहे: मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. भारतातून पहिल्यांदाच जाणाऱ्याला ही अट सहज पार होते, आणि म्हणूनच ही संधी पहिल्या पोस्टडॉकसाठी वापरावी. स्पर्धा तीव्र आहे. २०२४ मध्ये १०,३६० अर्जांतून १,६९६ मंजूर झाले आणि २०२५ मध्ये अर्जांचा आकडा १७,००० च्या पुढे गेला. अनेक युरोपीय विद्यापीठं उन्हाळ्याच्या आधी ‘मास्टरक्लास’ घेतात, यजमान शोधून देतात आणि मसुदा तपासतात. अशा मदतीशिवाय लिहिलेला अर्ज आणि तिच्यासह लिहिलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच चौकशी करा.

जर्मनीसाठी हुंबोल्ट फेलोशिप आहे, सगळ्या विषयांसाठी खुली. पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत पोस्टडॉक गटात अर्ज करता येतो आणि जर्मन यजमानांचं पत्र लागतं. जीवशास्त्रवाल्यांसाठी एम्बो या युरोपीय जीवशास्त्र संघटनेची पोस्टडॉक फेलोशिप आहे. भारत २०१६ पासून एम्बोच्या परिषदेचा सहयोगी सदस्य असल्याने आपल्याकडच्यांना ती खुली आहे, पण पीएचडीनंतर दोन वर्षांची मर्यादा असते आणि पहिला लेखक म्हणून पेपर लागतो. ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रामची फेलोशिप तीन वर्षांची असते आणि त्यात तुम्ही पीएचडीपेक्षा वेगळ्या दिशेला वळणं अपेक्षित असतं. जपानसाठी जेएसपीएस या तिथल्या विज्ञान-प्रोत्साहन संस्थेची फेलोशिप आहे.

भारतातच राहायचं असेल तर

परदेशी पोस्टडॉकशिवाय भारतात प्राध्यापकी मिळत नाही, ही समजूत मोठ्या संस्थांपुरती बरीचशी खरी आहे. पण घरच्या जबाबदाऱ्या असतील, किंवा तुमचा विषयच इथल्या मातीतला असेल, तर भारतात चांगलं पोस्टडॉक करता येतं.

पूर्वी केंद्राचं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) देत असे ती नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आली आहे. ही दोन वर्षांची. वयोमर्यादा ३५ ठेवलेली आहे आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. तिच्यासोबत स्वतःच्या प्रयोगांसाठी वेगळी ग्रँटही मिळते, आणि हा फायदा नुसत्या पगारापेक्षा मोठा आहे. बायोटेक्नॉलॉजीवाल्यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) रिसर्च असोसिएटशिप आहे, तिचं काम बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून (आयआयएससी) चालतं. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएसएसआर) पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. प्रकल्पावरच्या रिसर्च असोसिएटला १ जानेवारी २०२३पासून महिना ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये असे तीन स्तर आहेत, घरभाडं वेगळं. जुना प्रकल्प असेल तर जुन्याच दराने पगार देत नाहीत ना, आणि पैसे दर महिन्याला येतात की हप्ता सुटल्यावर एकदम, हे तिथल्याच एखाद्या रिसर्च असोसिएटला विचारा.

मुलाखत

आधी व्हिडिओ कॉल, मग अर्ध्या-पाऊण तासाचं सादरीकरण. थिसिसची सगळी प्रकरणं सांगू नका. एक प्रश्न, तो का महत्त्वाचा, तुम्ही काय शोधलं, आणि पुढे काय करणार. शेवटच्या भागाला निदान पाच मिनिटं ठेवा, कारण निवड बरेचदा त्यावरच होते. ‘माहीत नाही, पण मी असं तपासून पाहीन’ हे उत्तर पूर्णपणे चालतं.

मुलाखत दोन्ही बाजूंनी असते. करार किती महिन्यांचा आहे, वाढवण्यासाठी पैसा मंजूर आहे का, लॅब सोडताना प्रकल्पाचा कुठला भाग मला नेता येईल, हे विचारलंच पाहिजे. लॅबमधल्या सध्याच्या दोघांशी आणि सोडून गेलेल्या एकाशी प्राध्यापकांशिवाय बोला. त्यांना ‘लॅब कशी आहे’ विचारलं तर ‘छान आहे’ एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा की मसुदा दिल्यावर पेपर परत यायला किती दिवस लागतात, सुट्टी मागताना काय होतं, मागचे तीन पोस्टडॉक आता कुठे आहेत. गेलेल्या माणसाचं थोडं थांबून दिलेलं उत्तर बरंच सांगून जातं.

ऑफर आल्यावर

नोकरीचा करार आणि स्टायपेंड यांतला फरक समजून घ्या. जर्मनीत विद्यापीठाचा पोस्टडॉक सहसा टीव्ही-एल या वेतनश्रेणीच्या ई-१३ गटात असतो, म्हणजे आरोग्यविमा, पेन्शन आणि बेकारी विमा कापून पगार येतो. हुंबोल्टसारख्या स्टायपेंडवर पेन्शनची वजावट नसते, पण पेन्शनही साठत नाही. तिथला कायदा पीएचडीनंतर मुदतीच्या करारावर साधारण सहा वर्षांची मर्यादा घालतो, हेही ध्यानात ठेवा. अमेरिकेत बरीच विद्यापीठं एनआयएचचे आकडे आधार धरतात. २०२४ साठी पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकचा तो आकडा ६१,००८ डॉलर होता. बोस्टनमध्ये त्यात जेमतेम भागतं, लहान विद्यापीठाच्या गावात आरामात.

अमेरिकेचा व्हिसा बहुधा जे-१ (विनिमय कार्यक्रमाचा) असतो, जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि जोडीदाराला परवानगी काढून काम करता येतं. दोन वर्षं मायदेशी परतण्याची जी अट भारतीयांना अमेरिकी सरकारच्या देशवार कौशल्ययादीमुळे लागायची, ती यादी डिसेंबर २०२४ मध्ये बदलली आणि भारत तिच्यातून वगळला गेला. सरकारी पैशावर गेलात तर मात्र अट लागू शकते, म्हणून यजमान संस्थेकडून येणाऱ्या डीएस-२०१९ या फॉर्मवर आणि व्हिसाच्या शिक्क्यावर काय लिहिलंय ते वाचा. ब्रिटनला जाणाऱ्यांना विज्ञान-तंत्रज्ञानातल्या काही विषयांसाठी व्हिसाच्या आधी एटास नावाचं प्रमाणपत्र लागतं. त्याला काही आठवडे जातात, म्हणून ऑफरच्या पत्रावर सही केल्याबरोबर तो अर्ज टाका. जर्मनीसाठी आपलं विद्यापीठ परदेशी पदव्यांच्या ‘आनाबिन’ या डेटाबेसमध्ये एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, दर्जात आहे का ते पाहून त्या पानाची प्रत काढून ठेवा. नसेल तर पदवीच्या तुलनेचं प्रमाणपत्र मागवावं लागतं.

रुजू होण्याची तारीख ठरवताना व्हिसाच्या मुलाखतीला किती दिवस लागताहेत ते पाहून वर महिनाभर मोकळा ठेवा. बहुतेक प्राध्यापक तारीख पुढे ढकलायला तयार असतात, फक्त त्यांना ते वेळेत कळायला हवं.